नऊ विरुद्ध चारशे बारा

आमच्या गावात पक्षाचा उमेदवार ठरवायला चिठ्ठ्या टाकत नाहीत. आपल्या माणसामागे रांगेत उभं राहायचं आणि मी डोकी मोजायची. चाळीस वर्षं या गावाला अंकगणित शिकवलंय मी, माझ्या आकड्यावर कुणी शंका घेत नाही. म्हातारपणी तेवढीच माझी इस्टेट.

यंदा सुईण कोबुसिंग्येमागे चारशे बारा माणसं होती, मैदानात वळसे घालून दाटीवाटीने उभी. करामुझीमागे नऊ. पण करामुझी वरच्या पुढाऱ्यांचा लाडका. त्याच्यासाठी राजधानी कंपालाहून पक्षाचे खास सचिव आले होते, मोजायची टेप घेऊन.

"मास्तर, नियमात 'लांब रांग' लिहिलंय. डोकी कुठे लिहिलीत?"

त्यांनी त्या नऊ जणांना मैदानाच्या या गोलखांबापासून त्या गोलखांबापर्यंत पसरवलं. कोबुसिंग्येच्या रांगेला टेप मात्र पहिल्या माणसापासून शेवटच्यापर्यंत सरळ धरली. भरली वीस पावलं.

"असं होय!" कुणीतरी म्हणालं, आणि रांग सुटी होऊ लागली. त्या नऊंपेक्षा दोन पावलं जास्तच अंतर सोडून माणसं उभी राहत गेली, मैदानाबाहेर, केळीच्या बागांतून, टेकडीपलीकडे थेट पाणथळीपर्यंत. सचिव टेप घेऊन धावले आणि गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परतले. मला हसू आवरेना.

त्यांनी फोन लावला. "हो साहेब. बरोबर साहेब." मग माझ्याकडे वळले. "मैदानाबाहेरचे बाद. आत किती?"

माझं हसू गेलं. आत आठच उरले होते.

"नऊ मोठे की आठ, मास्तर?"

"नऊ."

"मग करा की जाहीर!"

आत उभ्या आठही जणांना आकडे मीच गिरवायला लावले होते. ते माझ्याकडे बघत होते. लाज वाटली मला. मी वही खाली ठेवली आणि कोबुसिंग्येच्या मागे पहिला जाऊन उभा राहिलो.

"नऊ-नऊ!" बघायला जमलेल्या पोरी ओरडल्या.

सचिवांनी दातओठ खाल्ले आणि स्वतः करामुझीच्या रांगेत घुसले. "दहा! चला, मोजा आता."

"कोण मोजणार?" करामुझीनेच विचारलं. "मास्तर त्या रांगेत, तुम्ही या रांगेत."

मोजायला कुणीच पुढे येईना.

मग कोबुसिंग्ये मागे वळली. "मास्तर, तुम्ही सुरुवात तर करा."

"एक," मी म्हणालो.

"दोन," माझ्या मागचा म्हणाला. तीन, चार... आकडे मैदानाबाहेर गेले, केळीत शिरले, टेकडी चढले, मग ऐकू येईनासे झाले. आम्ही कान देऊन थांबलो. सचिवही थांबले. बऱ्याच वेळाने शेवटचा आकडा माणसामाणसातून परत आला, आणि मागच्याने तो माझ्या कानात सांगितला.

"चारशे तेरा, मास्तर. मध्ये एकही चुकला नाही."

मी रडलो. सगळ्यांसमोर, खुशाल.