आधी मायना, मग मुद्दा

मित्रांनो, मी एक जुना कंप्युटर आहे. पुस्तकात मला संगणक म्हणतात, पण आमच्या आष्टीत त्या नावानं मला कोणी हाक मारलेली नाही. राजानंद गुरुजींच्या घरात, पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर माझी जागा आहे. वर भिंतीवर बुद्धांची तसबीर, बाजूला गुरुजींची पुस्तकं, आणि माझ्या अंगावर कौसल्याबाईंनी जुन्या साडीचा शिवलेला झालरीचा झगा. झग्यात मला फार उकडतं, पण प्रेमानं शिवलाय, म्हणून मी गप्प बसतो. तसंही गप्प बसण्याखेरीज मला दुसरं काय येतं?

माझा जन्म जालन्यातल्या एका लहानशा दुकानात झाला. डबा एकीकडून आणला, पडदा दुसरीकडून. मेमरीची एक पट्टी मात्र कुठल्या तरी म्हाताऱ्या मशीनमधून काढून, पुसून, मला नवी म्हणून बसवली. ती पट्टीच माझा रोग आहे. तेव्हा कोणाला कळलं नाही, आणि आज मला कळतंय तर सांगता येत नाही.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी मला आणलं ते त्यांच्या अक्षतासाठी. ती तेव्हा आठवीत होती. पहिले दिवस काय सांगू तुम्हाला! दहावीचा निकाल लागला की अर्धी गल्ली चपला काढून माझ्यासमोर उभी. गुरुजी आधी पोरींना बसवायचे आणि म्हणायचे, "बराबर धर माऊस, चावत न्हाई तो." मीही तेव्हा न अडखळता चालायचो.

अक्षतानं त्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी काळ्या मातीत पाणी किती दिवस टिकतं आणि मुरमात किती, याचे तक्ते माझ्यावर केले होते. परतूरला तालुक्याचं प्रदर्शन झालं. परीक्षकांनी तिला पहिला नंबर दिला. पण निकालाची यादी टाइप करायचं काम गुरुजींकडे होतं, आणि ती यादी माझ्यावरच टाइप झाली, म्हणून मी साक्षीदार आहे. गुरुजींनी पहिल्या जागेवर 'अक्षता' लिहिलं. त्यांच्या मनात आलं असणार, लोक म्हणतील मास्तरनं आपलीच पोरगी पुढं केली. मग त्यांनी ते नाव पुसलं आणि तिसऱ्या जागेवर टाकलं. पहिला आलेला जालन्याला, जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जाणार होता. तिसऱ्याला फक्त टाळ्या होत्या.

अक्षतानं घरी येऊन विचारलं, "पप्पा, माझा पहिला नंबर होता ना? सगळे म्हणत व्हते."

गुरुजी म्हणाले, "न्हाई."

रोज पंचशील म्हणणारा माणूस. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे, हे त्यांनीच तिला शिकवलेलं. पोरीनं विश्वास ठेवला. विज्ञान आपल्याला जमत नाही असं ठरवून तिनं पुढं आर्ट्स घेतलं. आज ती नाशकात एका कचेरीत कारकुनी करते. मातीचे तक्ते बरीच वर्षं माझ्या पोटात होते, पण ते कोणी परत उघडले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी गुरुजींचे सोबती सर्जेराव सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात ते माइकवरून कौतुकानं म्हणाले, "राजानंद सर म्हणजे बिलकुल निःपक्ष माणूस. स्वतःच्या पोरीचा पहिला नंबर स्वतःच्या हातानं कापला." मंडपात टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत अक्षता बसली होती. घरी येऊन तिनं हे सगळं आईला ऐकवत माझ्यासमोर बॅग भरली, म्हणून मला कळलं. गुरुजी दारात उभे होते, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. तेव्हा त्यांना बोलता येत होतं, मित्रांनो. त्या दिवसापासून ती आईशीच फोनवर बोलते.

मागच्या थंडीत गुरुजींना लकवा मारला. उजवं अंग गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, जीभ तेवढी अडकलीय. त्यांच्या जिभेवर एकच शब्द उरला, "न्हाई". कौसल्याबाई विचारायच्या, "चहा घेता का?" गुरुजी म्हणायचे, "न्हाई," आणि कप पुढं ओढायचे. बाईंना सवय झाली. त्या तोंडाकडं न बघता मानेकडं बघायला लागल्या.

डाव्या हातानं गुरुजींनी पेन धरून पाहिलं. केंद्रातल्या सगळ्या शाळांत ज्यांच्या अक्षराचं नाव होतं, त्यांनी स्वतःचा तो गिचमिड कागद चुरगाळून खिडकीबाहेर टाकला. मग काठी टेकत माझ्याकडे आले. इंग्रजी बटणं दाबली की मराठी उमटतं अशी एक वेबसाइट आहे. तिथं लिहायचं आणि मग उचलून पोरीला मेल करायचा, असा त्यांचा बेत. मला इतका आनंद झाला की पंखा जोरात फिरला.

पण ती वेबसाइट जाहिरातींनी भरलेली. जड झाली की माझी ती म्हातारी पट्टी दम टाकते आणि ब्राउझर मिटतो. पंधरा-वीस मिनिटं फार झाली. आणि गुरुजी तर पडले गुरुजी. आयुष्यभर पोरांना पत्रलेखन शिकवलेलं. आधी उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख. मग 'चि. अक्षता हीस सप्रेम जयभीम.' मग 'इकडील सर्व क्षेमकुशल आहे.' मग आईची तब्येत, यंदाची थंडी, शेजारच्या शालूचं बाळंतपण. एका बोटानं एवढं होईस्तोवर माझी वेळ भरायची. ते मुद्द्यावर यायचे आणि माझ्या पडद्यावर पान बंद पडल्याचं ते रडवेलं तोंड यायचं. गुरुजी, आधी मुद्दा लिहा हो, असं मला ओरडावंसं वाटायचं. सात वेळा मी त्यांचं पत्र गिळलं. ते दर वेळी पुन्हा तारखेपासून सुरू करायचे.

यावर एक उपाय होता, आणि तो मी दर वेळी समोर धरत होतो. ब्राउझर पुन्हा उघडला की मी कोपऱ्यात एक चौकट दाखवतो, तिच्यात इंग्रजीत विचारतो, मागचं परत आणू का? हो म्हटलं की सगळं जसंच्या तसं येतं. पण सर्जेराव सरांनी एकदा फोनवर आपोआप आलेली चौकट दाबली आणि त्यांचा फोन भामट्यांच्या हातात गेल्ता. तेव्हापासून गुरुजींनी या घरात कायदा केला. पुठ्ठ्यावर आपल्या सुंदर अक्षरात लिहून माझ्या कपाळावर चिकटवला: 'आपोआप येणाऱ्या चौकटीला फुली मारावी. वाचत बसू नये.' दुसऱ्यांना घातलेला नियम गुरुजी स्वतः आधी पाळायचे. माझी चौकट आली की न वाचता फुली. माझ्या हातात पत्र, आणि मी ते देऊ शकत नाही.

बाईंनी बाजारातल्या कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानातून भाच्याला, मिथुनला बोलावलं. त्यानं माझा झगा काढला, धूळ फुंकली, पंख्यातून कापसाचे पुंजके ओढून काढले. ब्राउझर काढून परत टाकला. मग पट्ट्या बाहेर काढून त्यांचे दात गुरुजींच्याच खोडरबरनं घासले. हातात धरली होती ती नेमकी पट्टी. हीच, मिथुन, हीच ती, मी मनात म्हणालो. त्यानं ती चकाकवली आणि परत तिथंच बसवली.

"काय लिहून राह्यले काका एवढं?" त्यानं विचारलं.

"न्हाई," गुरुजी म्हणाले आणि पडद्यासमोर हात आडवा धरला.

"मशीन म्हातारं झालं मावशी. जास्त ताण देऊ नका त्याला."

दोन दिवस गुरुजींनी मला ताण दिला नाही, आणि मी बरा चाललो. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा पत्राला बसले. ही आठवी वेळ. पण आता त्यांनी तारीख लिहिली नाही. मायना लिहिला नाही. थेट लिहायला लागले. मी जीव मुठीत धरून पट्टी सांभाळत होतो. अडीच ओळी झाल्या आणि मी मेलो.

या वेळी त्यांनी मला परत उघडलंच नाही. बाईंना हातानं खूण केली. बाईंनी बटण बंद करून झगा घातला. गुरुजी माझ्या टेबलाशेजारच्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून झोपले. त्या अडीच ओळी पोटात घेऊन मी बारा दिवस काळोखात होतो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाईंनी फोनवर लेकीला सांगितलं ते मी ऐकलं. "रोज काही लिहित व्हते. मशीन बंद पडायचं, पुन्हा बसायचे. आता बसतच न्हाईत. जेवण बी सोडलंय. तू तुझ्या रागानं राहा, पण मी सांगायचं काम केलं."

अक्षता रेल्वेनं परतूरला उतरून दुपारी घरी आली. बापाच्या पायाशी बॅग ठेवली, बोलली मात्र आईशी. चहा झाला. मग तिनं माझा झगा काढला आणि बटण दाबलं. ब्राउझर उघडला. माझी चौकट आली: मागचं परत आणू का? तिनं कपाळावरचा पुठ्ठा वाचला, बापाचं अक्षर ओळखलं, आणि बाण फुलीकडं नेला.

"न्हाई," बाजेवरून आवाज आला.

गुरुजी कोपरावर उठले होते. बारा दिवस विचार करायला मिळाले होते त्यांना, आणि आज लेकीच्या खांद्यावरून त्यांनी ती चौकट पहिल्यांदा वाचली. "न्हाई, न्हाई." डावा हात पुठ्ठ्याकडं गेला. तो पुठ्ठा त्यांना फाडायचा होता, हात पोचत नव्हता.

अक्षता थांबली. तिनं बाण फुलीवरून काढला आणि हो म्हटलं.

अडीच ओळी आल्या. 'अक्षता, तुझा पहिला नंबर होता. मी तुझ्याशी खोटं बोललो. यादीतून तुझं नाव मी माझ्या'

एवढंच होतं. तिनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लागली आणि माझं ते रडवेलं तोंड पडद्यावर आलं. मला तेवढंच जमलं, मित्रांनो.

ती बाजेजवळ जाऊन बसली. आवाज आठवीतल्या पोरीसारखा झाला होता. "पप्पा, माझा पहिला नंबर होता ना?"

गुरुजींनी हो म्हणायला तोंड उघडलं. ओठ हलले, मान ताठ झाली, सगळं अंग त्या एका अक्षरामागं लागलं. "न्हाई," ते म्हणाले. स्वतःच्याच शब्दाला घाबरले आणि रडायला लागले. "न्हाई, न्हाई." आणि मान मात्र जोरजोरात होकारार्थी हलत होती.

"तोंडाकडं बघू नको त्यांच्या," कौसल्याबाई मागून म्हणाल्या. "मानेकडं बघ."

अक्षतानं बघितलं. मग त्यांची मान थांबेपर्यंत तिनं दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरून ठेवला.

मित्रांनो, माझी पट्टी काही बदललेली नाही. मी उद्याही मिटेन. माझ्या कपाळावरचा पुठ्ठा अक्षतानं काढला, फाडला नाही, घडी करून बॅगेत ठेवला. तुमच्याकडं माझ्यासारखं जुनं कोणी असेल तर त्याला झग्यात कोंडू नका, आणि फुली मारण्याआधी ते काय विचारतंय ते एकदा वाचा. आणि कोणाला खरं सांगायचं राहिलं असेल तर जीभ चालतेय तोवर सांगून टाका. मायना नंतर लिहिता येतो.