लाल दिवा लागला म्हणून खूश

सावद्याहून जळगावला आठवड्यातून दोनदा जाणं म्हणजे काय असतं, ते रतिलालला विचारावं. मंगळवार आणि शुक्रवार. कुंदाबाईच्या दोन्ही किडन्या गेल्या दिवाळीत बसल्या. तेव्हापासून बारा वाजता बायकोला डायलिसिसच्या मशीनवर पोचवायचं, चार तास बाकड्यावर डुलक्या काढायच्या, तिला घरी आणायचं आणि मग केळीच्या बागेत शिरायचं. बरं, बारा म्हणजे बाराच. अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला की मशीन दुसऱ्या पेशंटला, मग बसा बोंबलत.

गाडी जुनी होती, पण पंधरा दिवस तिनं सांगून पाहिलं होतं हो! हॉर्नचा आवाज बसला. संध्याकाळी परतताना हेडलाइट मिणमिणायचे, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उजळायचे. बॉनेटखालून जळक्या रबराचा वास यायचा. रतिलालनं काय करावं? बॅटरी बदलली. ती चार दिवस बरी चालली आणि मंगळवारी समोर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला. हा गडी खूश!

का, तर मळ्यातल्या पंपाच्या पेटीवर लाल दिवा लागला म्हणजे लाइट आली, पळा, मोटर चालू करा. त्या दिव्याची वाट बघण्यात माणसाची तीस वर्षं गेलेली. "पाहा, बॅटरीले करंट भेटू राह्यला," असं तो कुंदाबाईला म्हणालासुद्धा.

ती काही बोलली नाही. हल्ली ती बोलायचीच नाही. आधी पाय सुजले, पोटऱ्यांत गोळे आले, जेवण जात नाही, असं सारखं चालायचं. महिनाभरात सगळं बंद. मशीन मानवलं, असं रतिलाल धरून चालला, आणि खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं.

शुक्रवारी, नशिराबादच्या अलीकडे, सव्वाअकराला गाडीनं मान टाकली. आधी पंखा थांबला, मग काटे खाली आले, मग इंजिन बंद. चावी फिरवली तर नुसतं टक टक. बाहेर मे महिन्याचं ऊन. रतिलालनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. राग यायला हवा होता, पण राग यायलाही अंगात काहीतरी लागतं.

दहा गाड्या हात दाखवूनही निघून गेल्या. शेवटी केळीनं भरलेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर मगन, फैजपूरचा. त्यानं बॉनेट उघडून पाहिलं, मग विचारलं, "भाऊ, लाल लाइट लागे का समोर?"

"मंगळवारपासून. चार्जिंग चालू होती ना."

"अहो, चार्जिंग बंद पडली की लागतो तो! अल्टरनेटर गेला तुमचा. तीन दिवस बॅटरी एकटीच खपली."

"मळ्यात तर..." रतिलाल बोलता बोलता थांबला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"बसा वहिनींले घेऊन. गाडी राहू द्या अठीच."

केबिनमध्ये तिघं दाटीवाटीनं बसले. उन्हात रतिलालनं कुंदाबाईचा चेहरा नीट पाहिला. डोळ्यांखाली सूज होती. किती दिवसांची, देव जाणे.

"कुंदा, तुले काही होते का? खरं सांग."



"झोपलं की दम लागतो. वीस दिवस झाले. भिंतीले टेकून बसते मी रातभर."

"मंग सांगितलं कायले नही?"

"सांगितलं तर डॉक्टर तीनदा बोलावतीन." ती रस्त्याकडे बघत होती. "दोनदात तुमी अर्धे झाले. तिसऱ्यांदा कसं आणाल मले?"

मगननं गिअर बदलला.

ते पोचले तेव्हा बारा वीस झाले होते. सिस्टर रागावली, पण मशीन अजून दिलं नव्हतं. कुंदाबाई आडवी झाली. रतिलाल बाकड्याकडे गेलाच नाही.

"सिस्टर, आधी डॉक्टरांना बोलवा. वीस दिवस झाले, हिला झोपलं की दम लागतो."

"काका, मग तीनदा यावं लागेल बहुतेक. लिहू का मी तसं?"

गाडी हायवेवर मरून पडली होती, पुढच्या मंगळवारी कसं यायचं तेच ठाऊक नव्हतं.

"अहो, नका हो," कुंदाबाई खाटेवरून म्हणाली.

"लिहा," रतिलाल म्हणाला.