बावीस मार्चचं कार्ड

"हा शिक्का माझा आहे," मी म्हटलं, "पण मारलाय दुसऱ्याच कुणीतरी."

हँगरच्या दाराशी उभा राहून गेडे हातातला पाना पुसत होता. पाना आधीच लख्ख होता. मी कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. उजव्या लँडिंग गिअरचा सांधा उघडून तपासला, तडा नाही, असं त्यावर लिहिलं होतं. खाली मेकॅनिक म्हणून गेडेची सही आणि नोंद झाल्याचा माझा शिक्का. तारीख गेल्या वर्षीच्या बावीस मार्चची.

सव्वीस वर्षं मी या कंपनीच्या विमानांचे कागद सांभाळतेय. हेच एक कार्ड सापडत नव्हतं म्हणून गेले नऊ दिवस मी अकरा खोकी उपसली होती, खोकून खोकून जीव गेला होता. आणि आज सकाळी बघते तर ते फाइलमध्ये हजर, कोरंकरकरीत, कोपरासुद्धा दुमडलेला नाही.

"बावीस मार्चला काय होतं, आठवतं?"

"नाही, म्बोक." मी त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी, त्यामुळे तो मला पहिल्यापासून थोरली बहीण म्हणतो.

"न्येपी होतं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. न्येपी म्हणजे आमच्या बालीत नव्या वर्षाचा मौनाचा दिवस; चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, कुणी उंबरठा ओलांडत नाही. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. त्या दिवशी मी घरात उपाशीपोटी बसून होते, आणि हे कार्ड सांगत होतं की मी ऑफिसात शिक्के मारत होते. गावच्या पहारेकऱ्यांना कळलं तर दारात येऊन जाब विचारतील.

"तारीख मी नाही टाकली," गेडे पुटपुटला. "काल साहेबांनी, पाक हर्यादींनी, कोरं कार्ड पुढे केलं. म्हणाले, सही कर, बाकीचं मी बघतो."

"आणि तू केलीस!"

"नव्या विमानांच्या ट्रेनिंगला कोण जाणार ते तेच ठरवतात, म्बोक. नाव नाही लागलं तर जुन्या विमानांबरोबर मीपण भंगारात. धाकटी अजून रांगतेय माझी."

"ते राहू दे. सांधा तपासला होतास का?"

"तपासला असेल. खरं सांगू? नाही आठवत."

घड्याळात साडेदहा वाजून गेले होते. अकराला डॉइल येणार होता. आम्ही भाड्यानं वापरलेल्या विमानांच्या मालकांचा तो तपासनीस. सात जुनी विमानं परत करायची आणि पाच नवी आणायची, असं वर्षभर चाललं होतं. हे सातवं. त्यानं सही केली की विमान उद्या, एकतीस डिसेंबरला, निघून जाणार होतं आणि दुसऱ्या कुठल्या तरी देशात लोक त्यात बसणार होते.

मी तडक हर्यादींच्या केबिनमध्ये गेले. ते जकार्ताहून सहा महिन्यांपूर्वी आमचे साहेब म्हणून आले होते. टेबलावर वार्षिक अहवालाची कच्ची प्रत होती, मुखपृष्ठावर नवं विमान ढगांतून वर निघालेलं.

मी कार्ड ठेवलं. त्यांनी एकदा बघून परत माझ्याकडे सरकवलं.

"मिळालं ना? मग झालं तर, इबू रास्मिनी." इबू म्हणजे बाई, पाक म्हणजे साहेब; ऑफिसात आम्ही असंच बोलतो.

"हा दिवस तुम्ही कसा निवडलात?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "उड्डाणांच्या नोंदी पाहिल्या. वर्षभरात ते विमान एकच दिवस पूर्ण रिकामं होतं, तेही इथेच. तपासणी दाखवायला याहून चांगला दिवस कुठला?"

"त्या दिवशी सगळीच विमानं रिकामी होती, पाक. न्येपी होतं."

त्यांनी डोळे मिटले. मग हसले, पण हसण्यात जीव नव्हता. "म्हणजे डॉइलला कळणार नाही, आणि इथल्या शेंबड्या पोराला कळेल."

"हो."

"दुसरं करू. तेवीस तारीख टाकतो, रात्रीची पाळी दाखवतो. गेडेची सही घेतो. शिक्का तेवढा या वेळी तुम्ही मारा." त्यांनी खणातून कोरं कार्ड काढलं आणि माझाच शिक्का त्यावर ठेवला. "दोन वर्षं तोटा झाला. यंदा नफा दिसतोय, तोही नखाएवढा. हे विमान उद्या गेलं नाही तर तो पुसला जाईल. मग बँका नव्या विमानांना हात लावतील का? चारशे माणसं आहेत आपली. अन् नव्या ऑफिसात तुमचं टेबल मी धरून ठेवलंय, हे विसरू नका."

खोटं कशाला बोलू, मला ते टेबल हवं होतं. नव्या विमानांचे कागद संगणकावर राहणार, माझी खोली बंद होणार. निवृत्तीला चार वर्षं बाकी, घरी आजारी नवरा. शिवाय हा माणूस दुष्ट नव्हता. तीन महिने तो घरी गेला नव्हता, चारशे माणसांची काळजी त्याला खरोखरच होती. मी शिक्का उचलला. तो मुठीत घट्ट धरून मी तशीच उभी राहिले. मारायचाही धीर होईना आणि खाली ठेवायचाही.

तेवढ्यात दार उघडलं. डॉइल वेळेच्या दहा मिनिटं आधीच आला होता, मागे गेडे.

"सापडलं का कार्ड?" त्यानं हसून मलाच विचारलं. नऊ दिवस तो मला धुळीत बघत होता.

हर्यादी माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "सापडलं नाही. हे आहे, ते खोटं आहे. त्या दिवशी हे बेट बंद होतं."

डॉइलनं कार्ड हातात घेतलं. सही कुणाची, हे तो विचारणार आणि मला नाव घ्यावं लागणार होतं. पण गेडेच पुढे आला.

"सही माझी आहे. कोऱ्या कार्डावर केली मी." मग माझ्याकडे वळून आमच्या भाषेत म्हणाला, "तुम्ही नका बोलू, म्बोक. माझं मी सांगतो."

विमान गेलं नाही. हर्यादींना त्याच दुपारी जकार्ताहून बोलावणं आलं. गेडेचा परवाना काढून घेतला, चौकशी होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. अहवालात नफ्याच्या जागी तोटा आला आणि कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसेना. कालपर्यंत माझ्या डब्यातली मिरचीची चटणी चाटूनपुसून खाणारी माणसं ही.

दोन जानेवारीला विमान जॅकवर चढवून सांधा उघडला. काम देवा नावाचा मेकॅनिक करत होता, गेडेहून चार वर्षांनी नवखा. गेडे पिवळ्या पट्टीच्या बाहेरून सांगत होता, "तिसरा बोल्ट हट्टी आहे रे. आधी आत दाब, मग फिरव." सांधा पुसला, भिंगाखाली धरला. डॉइलनं दोनदा पाहिलं. तडा नव्हता. कुठेच काही नव्हतं.

"बघा!" मागून कुणीतरी म्हणालं. "काही नव्हतंच मुळात. उगाच वर्ष घालवलं सगळ्यांचं."

"तडा नाही, हे आता कळलं ना?" मी मागे न वळताच म्हटलं. "त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं."

मी नवीन कार्ड भरलं. तारीख घातली, दोन जानेवारी. शिक्का मारला. मेकॅनिकच्या सहीची जागा तेवढी उरली होती. तेरा वर्षांच्या सवयीनं मी कार्ड आणि पेन गेडेपुढे धरलं.

त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले, आणि मानेनं जॅकपाशी उभ्या असलेल्या देवाकडे खूण केली.