तांबडा ठिपका वर सरकला

हवेत शिसं होतं, एवढंच नक्की. ते कुठून येतंय आणि किती, हे काम्शातने शोधायचं होतं. दरीत पाच ठिकाणी हवा ओढणारी यंत्रं ठेवलेली. त्यांतले काळवंडलेले कागद तपासायचे, वाऱ्याचा माग उलटा काढायचा आणि उगम गाठायचा, हे तिचं काम. सर्वांत काळा कागद तिच्या वडिलांकडे ठेवलेल्या यंत्रातला निघाला. म्हणून संगणकावरचा तांबडा ठिपका त्यांच्या हिवाळी घराशेजारी, किझिलसू गावाला खेटून पडला. कुणीतरी तिथे चोरून जुन्या बॅटऱ्या वितळवत असणार.

"पोरं आजारी पडायची वाट बघू नकोस," साहेब गेनादी पावलोविच म्हणाले. "सगळं गाव वर पाठव, जैलाउवर."

त्या उन्हाळी कुरणांवर तिचे वडील गुरं घेऊन गेले होते, आणि तिची लहानगी तोमिरिसही त्यांच्यासोबत होती. काम्शातने गाव हलवायच्या हुकमावर निर्धास्त सही केली. आपली लेक आधीच सुरक्षित आहे, या विचाराने तिला बरंच वाटलं. असं बरं वाटतं तेव्हाच माणसाने जरा घाबरावं, पण ते सुचतं कुणाला?

दुपारी वडिलांचा फोन आला.

"तुझा तो हवेचा डबा झकास चालतोय हं, पोरी. वरच्या थंडीत जरा कुरकुरतो, एवढंच."

"वरच्या म्हणजे?"

"जैलाउवर. बिऱ्हाड हललं तेव्हा त्यालाही ट्रॅक्टरवर चढवला. अमानत म्हणून दिलास, रिकाम्या घरात टाकून येऊ होय? तुझ्या आजोबांनी कानफटात ठेवून दिली असती. कागद दूधगाडीने खाली धाडतो."

तिने त्या एका यंत्राची जागा बदलून गणित पुन्हा मांडलं. ठिपका दरीतून वर सरकला आणि कुरणामागच्या खिंडीत जाऊन बसला. आकडाही फुगला. इतक्या लांबून खालचे कागद काळे व्हायचे, तर धूर कितीतरी पटींनी जास्त असणार.

"आके, तिथे धूर दिसतो?" तिने वडिलांना विचारलं.

"खिंडीतून येतो की, रोज. तोमिरिस म्हणते, डोंगर चहा उकळतोय."

"तिला घेऊन आत्ताच खाली निघा. आणि किझिलसूचे ट्रक येतील, त्यांतल्या कुणाला उतरू देऊ नका."

"ते काय, आलेच. आणि दारातल्या पाहुण्याला उतरू नको म्हणू? शहराने पार बिघडवलंय तुला."

ती ओरडत होती, पण त्यांनी फोन कानापासून दूर धरला होता.

"या, या. तोमिरिस, सतरंजी बाहेरच अंथर गं. हवा छान आहे."