रोज शंभर बॉल

आमचे पप्पा कोपऱ्यावरून दही आणायलासुद्धा गाडीला किक मारतात. त्यामुळं उज्ज्वला मॅडम "रोज चाला" म्हणाल्या तेव्हा मला हसूच फुटलं. मॅडम म्हणजे मुदखेडातल्या आमच्या घरच्या डॉक्टर. माझ्या कांजिण्यासुद्धा त्यांनीच बघितल्यात.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "धम्मानंदभाऊ, साखर वाढतच चाललीय. तीन महिने बघू. नाहीच उतरली तर इन्सुलिन."

पप्पांचा चेहराच पडला. सुईला ते लई भितात!

"गोळी वाढवा मॅडम, पण चालणं सांगू नका."

"का हो?"

पप्पांनी गाडीची चावी मुठीत धरली. "माझा बाप मजुरीला रोज चार कोस पायी जायचा. नोकरी लागल्याबरोबर मी पहिली गाडी घेतली. आता पायी दिसलो तर लोक म्हणतील, धम्मानंदनं गाडी विकली काय."

हे मला कधीच माहीत नव्हतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बरं, चालणं राहू द्या. शाळेत असताना काय खेळायचात?"

"व्हॉलीबॉल," पप्पा चक्क लाजले. "टीममधी होतो."

मी खुर्चीतून उडालेच. "मी यंदा शाळेच्या टीममध्ये आले, अन् तुम्ही बोलला न्हाई?"

"तू कुठं इचारलं?"

मॅडमनी चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली लिहिलं : रोज संध्याकाळी विशाखाला शंभर बॉल टाकणे. "सुरुवातीला तीसच. छातीत दुखलं तर थांबायचं अन् लगेच मला फोन करायचा."

पहिल्या दिवशी तिसाव्या बॉलला पप्पा मैदानावर फतकल मारून बसले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एक लांब मारला.

"पोरी, बापाला पळवतीस?" म्हणत गेले मात्र!

तेवढ्यात शेजारचे व्यंकटीकाका मैदानाच्या कुंपणावरून ओरडले, "धम्मानंद, ह्या वयात काय करून राहिलास?"

झालं, मला वाटलं, आता पप्पा घरी जाणार. पप्पांनी बॉल काखेत धरला. "पोरीला शिकवून राहिलो. येतो का?"

काका आले नाहीत. पप्पा रोज आले. तिसाचे पन्नास झाले, दिवाळीपर्यंत शंभर.

तीन महिन्यांनी मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला. "उतरलीय. अजून थोडी जास्त आहे, पण इन्सुलिन नको."

पप्पांनी हुश्श केलं अन् लगेच माझ्याकडं बोट दाखवलं. "मॅडम, हिची सर्व्हिस लई कच्ची हाय. त्यावर काही गोळी असंल तर बघा."