काळ्या गराची साक्ष

तुम्ही खोटा अहवाल लिहिलात, साहेब. चुकून नाही, आळसानं. केळव्याच्या किनाऱ्यावरच्या बावीस उंडीच्या झाडांवर तुमच्या माणसांनी लाल रंगानं आकडे मारले ते त्याच अहवालाच्या जोरावर. ‘तेलाचे प्रमाण नगण्य. औषधी घटक आढळले नाहीत. रस्ता रुंदीकरणासाठी तोडण्यास हरकत नाही.’ तीन वाक्यांत बावीस झाडं आडवी करायला निघालात.

त्या झाडांवर माझी मावशी गोदूबाई जगते. पडलेली फळं वेचते, कवच फोडते, आतला गर वाळवते आणि घाण्यावर नेऊन तेल काढते. पूर्वी लाकडी होड्यांना ते तेल फासायचे. आता होड्या फायबरच्या झाल्या, पण जाळं ओढून सुजलेली मनगटं अजून माणसांचीच आहेत. त्यांना हेच तेल लागतं.

तुमचा नमुने नेणारा माणूस थंडीत आला तेव्हा मी तिथंच होते. मावशीच्या अंगणात दोन सुपं होती. एकात ताजा, पांढराशुभ्र गर. दुसऱ्यात दीड महिना उन्हात वाळून काळपट, चिकट झालेला. त्यानं नाकाला रुमाल लावला.

“आजी, हे सडलंय.”

“सडंल तुजं त्वांड! तयार झालाय त्यो. पांढऱ्यात तेल नाय अजून. वाळल्याबिगर उंडी तेल देत नाय, दादा.”

“नमुना स्वच्छ लागतो.” त्यानं पांढरा गर पिशवीत भरला.

“मंग कापूस ने की! त्यो पन पांढराच हाय.”

तो हसत गाडीत बसला. आणि त्या पिशवीवर तुम्ही सही ठोकलीत.

मी चंद्रकांता. सरावलीहून रोज पालघरला येते, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते. दहावी नापास. पण बारा वर्षं भांडी धुतल्यावर कशात काय उकळतं ते कळतंच. तुमचा अहवाल मी दीपिका मॅडमच्या टेबलावर ठेवला. झाडांची तेलं हाच त्यांचा अभ्यास.

“चंद्राताई, यांनी गर कुठला नेला?”

“पांढरा.”

मॅडमनी कपाळावर हात मारला. “दोन्ही आणा.”

पांढऱ्यातून चमचाभरसुद्धा तेल निघालं नाही. काळ्यातून निघालं ते हिरवंगार, दाट, सगळ्या मजल्यावर वास. पुढचे चार महिने मॅडम त्यातले घटक वेगळे करत बसल्या. एका घटकानं पेशींमधली दाह वाढवणारी द्रव्यं निम्म्याहून खाली आणली. दुसरा त्यांनी बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर घातला, आणि त्या पेशींची वाढ थांबली. मी हातातला ब्रश टाकून टाळ्या वाजवल्या.

“थांबा,” मॅडम कडक आवाजात म्हणाल्या. “बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. हे औषध म्हणून कुणालाही द्यायचं नाही. अजून कित्येक वर्षांचं काम आहे.”

“आणि झाडंच राहिली नाहीत तर?”

“तर काम कशावर करणार, माझ्या डोक्यावर?”

म्हणून मावशी, मॅडम आणि मी झाडतोडीच्या सुनावणीला आलो. खुर्चीत तुम्ही होतात. मॅडमची फाइल तुमच्यासमोर ठेवली, तुम्ही ती उघडलीही नाहीत.

“बाई, घरगुती समजुती इथं चालत नाहीत. शास्त्र लागतं.”

मावशीनं तुमच्या पुढ्यातला अहवालच ओढला. कनवटीतून पांढरा गर काढला, कागदावर ठेवून अंगठ्यानं चिरडला. कागद नुसता ओलसर झाला. मग काळा गर चिरडला. तेलाचा डाग पसरत गेला, पसरत गेला, आणि मागच्या पानावरची अक्षरं पुढून दिसायला लागली.

“वाचा आता, सायेब. नगण्य म्हंजे किती?”

मागच्या बाकांवर आमच्या केळव्याच्या मासळीवाल्या होत्या. त्यांनी हसून हसून सभागृह डोक्यावर घेतलं. एकीनं शिट्टी मारली. तुमचा शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसत होता. तेव्हा कुठं तुम्ही फाइल उघडलीत, आणि पानामागून पान उलटत अर्धा तास मान वर केली नाहीत.

अकराव्या दिवशी आदेश आला. तोड रद्द. दामूकाकानं, मावशीच्या नवऱ्यानं, गावातल्या एका लग्नातले उरलेले फटाके भरदुपारी किनाऱ्यावर वाजवले. बायका काथ्या घेऊन झाडांना भिडल्या आणि घासून घासून तुमचे लाल आकडे काढले. बावीसच्या बावीस उभी आहेत. येऊन मोजा.

पण आदेशात कारण काय लिहिलंत? ‘प्रशासकीय कारणास्तव.’ गराबद्दल अक्षर नाही. मॅडमच्या चार महिन्यांबद्दल नाही. तो खोटा अहवाल मागे घेतल्याचंही नाही. म्हणजे तो अजून तुमच्या कपाटात जिवंत आहे, उद्या कुणीही काढावा आणि दुसऱ्या किनाऱ्यावरची उंडी त्याच कागदानं पाडावी.

तर सांगा, साहेब: अहवाल रद्द केलात की नाही? कच्चा गर नेला ही चूक तुमची, हे कागदावर कधी येणार? आणि ती चूक जिनं दाखवली त्या गोदूबाईचं नाव तिथं लिहिणार की नाही?

लेखी उत्तर द्या. सही तुमचीच पाहिजे.