हललेलं चित्र

तिने वडिलांच्या नाकाला चिमटा लावला आणि तोंडात नळी दिली.

"ओठ घट्ट मिटा. श्वास फक्त तोंडाने. नेहमीसारखा."

वडिलांनी एक भुवई वर केली. हे शब्द याच खोलीत त्यांनी तंत्रज्ञ म्हणून एकतीस वर्षं म्हटले होते, आणि ती इथे शिकायला आली तेव्हा तिच्याकडूनही घोटवून घेतले होते. आता तोंडात नळी होती, म्हणून त्यांनी नुसता अंगठा हलवला. चालू दे.

नळीतून धुक्यासारखं औषध छातीत उतरू लागलं. त्यात किरणांचा अंश होता. फुप्फुसात जिथे जिथे हवा पोचेल, तिथे तिथे तो यंत्राला दिसणार होता. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत श्वास मोजत होती. मिनिटाला अठ्ठावीस. पुन्हा मोजले. अठ्ठावीसच.

गुडघ्याच्या ऑपरेशनला अठरा दिवस झाले होते. आज सकाळी न्हाणीघरातून पलंगापर्यंत येताना वडील दोनदा भिंतीला टेकले. डॉक्टरीणबाईंना वाटत होतं, पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात शिरली असावी. तसं असेल तर दुसरी केव्हाही सुटू शकते, आणि ती वेळ देईलच असं नाही. रंग टोचून करायची तपासणी त्यांच्या मूत्रपिंडांना झेपली नसती, म्हणून ही. दुसरा तंत्रज्ञ रजेवर होता.

"तुला जमेल ना?" बाईंनी विचारलं होतं.

ती हो म्हणाली होती. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या इस्पितळात नेण्यात तास-दोन तास गेले असते.

हवेचं चित्र चांगलं आलं. दोन्ही फुप्फुसं काठोकाठ भरलेली. तिने चिमटा काढला, तसं वडिलांना बोलायला फावलं.

"शीर डाव्या हाताची घे. उजवीकडची दगा देते."

"बाबा, गप्प पडा."

"तुझ्या मामाला टोचलंस... गादी शिवल्यासारखं."

"मामा आधीच घाबरले होते."

"तुला बघूनच घाबरला तो." ते हसायला गेले आणि दम लागून थांबले.

तिने शिशाच्या डबीतून सिरिंज काढली. आता रक्ताची पाळी. हे औषध शिरेतून जाऊन, फुप्फुसात जिथे रक्त पोचतं तिथेच थांबणार होतं. हवेचं चित्र आणि रक्ताचं चित्र शेजारी ठेवायचं. दोन्ही जुळली तर बरं. तिने डावी शीर घेतली. सुई पहिल्याच खेपेला बसली. हात स्थिर होता. बुटातली बोटं मात्र तिने घट्ट आवळून धरली होती.

"मोठे श्वास घ्या. अजून एक."

पडदा रुग्णाला दिसणार नाही असा वळवलेला होता. तिने खुर्ची पुढे ओढली. काळ्यावर ठिपका ठिपका पडू लागला, जशी पहिली सर अंगणात उमटते तशी. डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग भरला. खालचा भरेना. ती थांबली. यंत्राचा आकडा पुढे सरकत होता आणि तिथे काळंच राहत होतं. उजव्या बाजूला कोणी सुरीने फोड काढून न्यावी तशी एक जागा रिकामी होती. मग तशीच आणखी एक.

हवा सगळीकडे होती. रक्त तीन ठिकाणी नव्हतं.

अशी चित्रं तिने पुष्कळ पाहिली होती. समजायला डॉक्टर लागत नव्हते. सांगायला लागत होते. तंत्रज्ञाने सांगायचं नसतं, तोंडाने नाही आणि चेहऱ्यानेही नाही. तिने फोन उचलला आणि हळू आवाजात दोनच वाक्यं बोलली.

"पाच मिनिटांत आले," बाई पलीकडून म्हणाल्या. "त्यांना उठू देऊ नकोस."

"झालं?" वडिलांनी विचारलं. त्यांचे हात अजून डोक्यामागे होते. "उठू?"

ती टेबलापाशी गेली.

"एक चित्र जरा हललंय, बाबा. परत घेऊ. असेच पडून राहा."

बोलून झाल्यावर ते वाक्य तिला ऐकू आलं.

ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. या विभागात ते एकाच प्रसंगी बोललं जाई: रुग्णाने उठायचं नाही, डॉक्टर येईपर्यंत धास्तीही घ्यायची नाही, अशा वेळी. तिच्या आधीपासून सगळे तेच म्हणत आले होते, आणि पहिल्यांदा ते म्हटलं होतं या टेबलावर पडलेल्या माणसाने. जिभेला वळण पडलेलं, दुसरं काय. तिने उगाच त्यांची चादर सारखी केली.

वडील छताकडे बघत होते. छाती भराभर वरखाली होत होती.

"हललो असेन," ते म्हणाले. "खांदा अवघडला होता."

"हो."

"घे परत. सावकाश घे." मग ते म्हणाले, "आईला सांगून ये, वेळ लागेल म्हणून. बाहेर ताटकळली असेल."

नर्सला आत उभं करून ती बाहेर आली. बाकावर आई बसली होती. मांडीवर वडिलांची काठी आडवी, मुठीत त्यांचा चष्मा. ओठ हलत होते. नामस्मरण चालू होतं.

"आई, जरा वेळ लागेल. एक चित्र हललं."

आईचे ओठ थांबले. तिने लेकीकडे पाहिलं. आतला माणूस एकतीस वर्षं संध्याकाळी घरी येऊन, जेवताना, या खोलीत काय काय झालं, काय काय बोललं गेलं ते तिलाच सांगत आला होता.

आईने चष्मा पदराने पुसला, त्याच्या घरात घालून पिशवीत ठेवला, आणि उठून उभी राहिली.

"वॉर्ड वरच्या मजल्यावर आहे ना?" तिने विचारलं. "कपडे घरून आणू, की इथलेच देतात?"

लेकीने मान हलवली.

"जा तू आत. आणि यांना म्हणावं, आई म्हणाली, होऊ दे निवांत. मला कुठे घाई आहे."